टाचणीच्या टोकाएवढं दुखणं

बोट दुखतंय, पण दिसत काहीच नाही. सूज नाही, पू नाही, कधी दारात सापडल्याचं आठवत नाही. फ्रीजमधलं दुधाचं पातेलं उचललं की नखाखालून कळ निघते आणि पार कोपरापर्यंत जाते. डिसेंबरात सकाळी नळाखाली भांडी विसळणं नको होतं. शर्टाचं बटण लावताना, पर्सची चेन ओढताना नख नुसतं घासलं तरी डोळ्यांत पाणी येतं. घरचे म्हणतात, नखुरडं असेल, लिंबात बोट घालून बस. लिंबू होतं, हळदीचा लेप होतो. मग एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो. मग मानेचा मणका दबलाय का हे पाहणं, संधिवाताच्या रक्ततपासण्या, युरिक ॲसिड, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या. अशी काही वर्षं गेली की तपासणारे आणि घरचे यांच्या मनात एकच शंका डोकावू लागते: हिला खरंच काही होतंय का?

'हिला' म्हटलं, कारण नखाखालचं हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं, आणि तेही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. बाईच्या न दिसणाऱ्या दुखण्यावर 'मनाचे खेळ' असा शिक्का मारायची आपल्याकडे आधीच घाई असते.

अशा वेळी नखाखाली काही मिलिमीटरची एक गाठ दडलेली असू शकते. तिचं नाव ग्लोमस ट्यूमर. 'ट्यूमर' शब्दानं दचकायचं कारण नाही. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, ती कर्करोग नसते, आणि पूर्ण काढली की दुखणं जातं. अडचण ती सापडण्याची आहे. मऊ ऊतींमधल्या सगळ्या गाठींत तिचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे अनेक डॉक्टरांच्या उभ्या कारकिर्दीत ती एखाददुसऱ्या वेळीच समोर येते. आणि तीच गाठ बोट सोडून जठरात किंवा श्वासनलिकेत उगवली, तर तिची ओळख पटवणाऱ्या खुणाच बदलतात.

कातडीखालची दारं

ग्लोमस ही मुळात गाठ नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या कातडीत असलेला एक सूक्ष्म अवयव आहे. त्याचं काम समजायला शेतातला पाट डोळ्यांपुढे आणावा. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरतं, पिकाला मिळतं आणि उरलेलं खालच्या ओढ्याला लागतं. पण पाटातून थेट ओढ्याकडे जाणारी एक आडवाट असेल आणि तिला दार असेल, तर दार उचलल्याबरोबर पाणी वाफे टाळून जोरात ओढ्यात उतरेल. कातडीत बारीक धमनी म्हणजे पाट, केशवाहिन्यांचं जाळं म्हणजे वाफे आणि शीर म्हणजे ओढा. धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या या आडवाटेचं वर्णन स्युके यांनी १८६२ मध्ये आणि हॉयर यांनी १८७७ मध्ये केलं, म्हणून तिला स्युके-हॉयर नलिका म्हणतात.

उकाड्यात ही दारं उघडतात. गरम रक्त कातडीलगतच्या शिरांच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात येतं आणि शरीरातली उष्णता बाहेर टाकली जाते. गारठ्यात दारं मिटतात आणि उष्णता आत राखली जाते. दारांची उघडझाप चेतातंतू करतात, आपल्याला तिची गंधवार्ताही नसते. दार म्हणजे नलिकेभोवती रचलेल्या गोलसर पेशींचे थर. या पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावतात, म्हणून थर आवळले की वाट बंद. नलिका, या पेशी, त्यांच्यात शिरलेले चेतातंतू आणि भोवतीचं आवरण, या सगळ्याला मिळून ग्लोमस म्हणतात.

ही दारं शरीरभर सारखी वाटलेली नाहीत. तळहात, तळपाय, कान, नाक आणि सगळ्यांत जास्त बोटांची टोकं, म्हणजे जिथून उष्णता पटकन टाकता येते तिथे त्यांची गर्दी. नखाखालच्या कातडीत तर दर चौरस सेंटिमीटरला ती काहीशे भरतात. एखाद्या ग्लोमसच्या पेशी बेसुमार वाढल्या की गाठ होते. ती बोटातच, आणि बोटात नखाखालीच जास्त का सापडते, याचं उत्तर या गर्दीतच आहे.

एवढ्याशा गाठीची एवढी कळ

बोटाच्या टोकाला जागा किती? वर कडक नख, खाली हाड, मध्ये पातळ पलंगासारखी कातडी. तिथे वाढणाऱ्या गाठीला पसरायला वाव नसतो, म्हणून चार मिलिमीटरची गाठही सतत दाबली जाते. पोटावरच्या चरबीत एवढीच गाठ कुणाच्या लक्षातही आली नसती.

थंडीचा संबंध थेट पेशींच्या स्वभावाशी आहे. गार लागलं की आवळायचं, हे काम या पेशी गाठीतही विसरत नाहीत. आवरणाच्या आत एकदम आकुंचन झालं की दाब बदलतो आणि गाठीत शिरलेल्या असंख्य बारीक चेतातंतूंना धक्का बसतो. शिवाय गाठीत मास्ट पेशी सापडतात. त्या हिस्टामिनसारखी, चेतातंतूंना चिथावणारी रसायनं सोडतात. वेदनेचं संकेतद्रव्य असलेला 'पी' पदार्थही तिथल्या तंतूंत आढळला आहे. यांतलं नेमकं कोणतं कारण किती महत्त्वाचं, यावर संशोधकांचं एकमत नाही. सगळ्यांचाच थोडाथोडा हात असावा असं मानलं जातं.

टाचणी, बर्फ आणि बीपीचा पट्टा

नखाखालच्या गाठीचं निदान हे महागड्या यंत्रांचं काम नाही, असं मला ठामपणे वाटतं. तीन गोष्टी एकत्र आल्या की संशय घ्यायचा: मधूनमधून उठणारी असह्य कळ, थंडीनं वाढणारं दुखणं, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाब सहन न होणं. यांतली तिसरी गोष्ट सगळ्यांत बोलकी, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा विचारली जात नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लव्ह यांनी १९४४ मध्ये सांगितलेली चाचणी इतकी साधी आहे की ती खेड्यातल्या दवाखान्यातही होते. टाचणीचं डोकं, पेन्सिलीचं टोक किंवा सरळ केलेली कागदाची क्लिप घ्यायची आणि नखावर एकेक ठिपका दाबत जायचं. एका ठिपक्यावर रुग्ण हात झटकून मागे घेतो. त्याच्या दोन-तीन मिलिमीटर बाजूला दाबलं तर ढिम्म. मानेच्या मणक्यातून उतरणारी कळ अशी ठिपक्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही. संधिवातात सांधा दुखतो, त्याच्या पुढचं नख नाही. नखुरड्यात कडेची कातडी लाल होऊन सुजते आणि दोन-चार दिवसांत ठणका लागून पू होतो. वर्षभर नुसतं दुखणारं नखुरडं नसतं.

दुसरी चाचणी १९७० मधली, हिल्ड्रेथ यांची. दुखरा ठिपका सापडला की हात वर धरून दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा आणि रक्तपुरवठा थांबेल इतकी हवा भरायची. मग त्याच ठिपक्यावर पुन्हा टाचणी दाबायची. गाठ ग्लोमसची असेल तर आता रुग्ण शांत बसतो, कारण गाठीतलं रक्त ओसरलेलं असतं. पट्टा सोडला की रक्त परत धावतं आणि त्याच्याबरोबर कळही. दुखणं 'मनाचं' असेल तर ते पट्ट्याची हवा पाहून येणार-जाणार नाही, म्हणून मला ही चाचणी विशेष आवडते. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या बाजूनं ती साक्ष देते.

तिसरी चाचणी बर्फाची. गार पाण्यात हात बुडवायचा किंवा बोटाला बर्फ लावायचा. कळ उठली तर संशय बळावतो. मात्र थंडीनं दुखणारं प्रत्येक बोट ग्लोमसचं नसतं. रेनो आजारातही गारठ्यानं बोटं दुखतात, पण तिथे अनेक बोटं एकदम पांढरी, मग निळसर पडतात. इथे एकाच बोटातला एकच ठिपका दुखतो.

डोळ्यांनी पाहण्यासारखंही काही असतं, पण उजेडात बारकाईनं पाहिलं तरच. नखाखाली निळसर किंवा जांभळट-गुलाबी छटा, नखावर मुळापासून टोकापर्यंत जाणारी उभी रेघ किंवा उंचवटा, टोकाला चिरलेलं नख. अंधाऱ्या खोलीत बोटाच्या पेऱ्याखालून टॉर्च लावला तर गाठीची जागा वेगळी उठून दिसू शकते. नखाखाली काळा-तपकिरी पट्टा असेल आणि तो रुंद होत असेल, तर मात्र ते प्रकरण वेगळं. तो त्वचेच्या एका गंभीर कर्करोगाचाही असू शकतो, बहुधा दुखतही नाही, आणि तो दाखवायला उशीर करू नये.

हे दुखणं वैद्यकाला नवं नाही. एडिंबरोतले सर्जन विल्यम वुड यांनी १८१२ मध्येच कातडीखालच्या छोट्या, अतिशय दुखऱ्या गाठींचं वर्णन लिहून ठेवलं. त्या कशाच्या बनल्या आहेत हे कळायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी १९२४ मध्ये दाखवलं, की बोटातल्या निरोगी ग्लोमसची आणि या गाठींची घडण एकच आहे. त्या वेळी मासाँ यांच्याबरोबर काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ होते झाँ-अलेक्झांद्र बारे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्या जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, त्यातले बारे ते हेच.

यंत्रांचा उपयोग कुठे

साधा एक्स-रे गाठ दाखवत नाही, गाठीनं हाडावर केलेला परिणाम दाखवतो. बरीच वर्षं दबून राहिलेली गाठ बोटाच्या शेवटच्या हाडात गुळगुळीत खळगा पाडते. असा खळगा काहींतच दिसतो. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ 'गाठ नाही' असा होत नाही.

सोनोग्राफी स्वस्त आणि सोपी, पण ती पोटाच्या सोनोग्राफीच्या यंत्रानं नाही, वरवरच्या ऊती पाहणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रोबनं करायला हवी. गाठ काळसर ठिपक्यासारखी दिसते आणि डॉप्लर लावला की तिच्यात रक्ताची लगबग दिसते. एमआरआयमध्ये ती ठरावीक प्रकारच्या चित्रांत पांढरी चमकते आणि शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर आणखी उजळते. एमआरआयचा खरा फायदा सर्जनला होतो. गाठ नेमकी कुठे, नखाच्या मुळाशी की कडेला, एकच की दोन, हे शस्त्रक्रियेआधी कळतं. मात्र दोन-तीन मिलिमीटरची गाठ एमआरआयच्याही हातून निसटते. दुखण्याची कहाणी आणि टाचणीची चाचणी दोन्ही पक्की असतील, तर एमआरआय स्वच्छ आला म्हणून तिथेच थांबणं मला चूक वाटतं. अनुभवी हातशल्यविशारद अशा वेळी कहाणीवर भिस्त ठेवून नखाखाली पाहतात.

चौकट: डॉक्टरांकडे जाण्याआधी
दुखरी जागा घरीच पेनाच्या बोथट टोकानं हळूच शोधून तिथे ठिपका करून ठेवा. फ्रीज, नळाचं पाणी, एसी यांपैकी कशानं कळ उठते ते लक्षात ठेवा. कळ आपोआप उठते की स्पर्शानं, रात्री झोपमोड होते का, हे सांगा. नखाचा रंग किंवा आकार कधीपासून बदलला ते जुन्या फोटोंत पाहा. अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील किंवा दुसऱ्या बोटातही असं दुखत असेल, तर तेही न विसरता सांगा.

बोट सोडलं की खुणा हरवतात

सुमारे तीन चतुर्थांश गाठी हातात होतात. उरलेल्यांची पंचाईत मोठी. गुडघ्याच्या आसपास, मांडीत, दंडात, पायाच्या घोट्यापाशी त्या सापडतात, आणि इथे पुरुषांचं प्रमाण जास्त. कातडीखालची गाठ ठिपक्यावर दुखते खरी, पण थंडीचा संबंध अनेकदा नसतोच. वर नख नाही, खाली हाड नाही, आणि गाठ खोल असेल तर गारठा तिथपर्यंत पोचत नाही. गुडघा दुखतो म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष सांध्याकडे. कूर्चा, लिगामेंट, झीज हे पाहून होतं, दुर्बिणीतूनही पाहिलं जातं, आणि गाठ सांध्याच्या बाहेर चरबीत तशीच राहते. बोट ठेवून 'इथे, फक्त इथे' असं रुग्ण सांगत असेल, तर तेच ऐकायला हवं. जांघेपासून पायापर्यंत कुठेही असा हट्टी ठिपका सापडला की यादीत ग्लोमसचं नाव घालावं.

कोड्यात पाडणारी गोष्ट पुढची. ज्या अवयवांत निरोगी ग्लोमस नगण्य किंवा नाहीतच, तिथेही ही गाठ होते. याचं उत्तर पेशींच्या कुळात आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर चिकटून राहणाऱ्या आणि गरज पडली तर स्नायूंसारख्या बनणाऱ्या पेशी शरीरात सर्वत्र असतात. त्यांच्यातूनही अशा गाठी घडतात असं मानलं जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ग्लोमस ट्यूमर याच रक्तवाहिनीभोवतीच्या पेशींच्या गाठींत मोडतो. २०१३ मध्ये संशोधकांना अशा बऱ्याच गाठींत नॉच नावाच्या जनुकाची मोडतोड होऊन त्याची दुसऱ्या जनुकाशी सांधाजोड झालेली दिसली. वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींची जडणघडण ठरवण्यात या जनुकाचा हात असतो, त्यामुळे हा धागा जुळतो.

जठरातली: दुखत नाही, रक्तस्राव करते

आतल्या अवयवांत ही गाठ सगळ्यांत जास्त सापडते ती जठरात, आणि तिथेही बहुधा शेवटच्या निमुळत्या भागात, अँट्रममध्ये. जठराच्या भिंतीला थर असतात: आत मऊ अस्तर, त्याखाली सैल थर, मग स्नायू. गाठ स्नायूंच्या थरात किंवा त्याच्या लगत वाढते, म्हणून बराच काळ कुणाला पत्ता लागत नाही. वरच्या पोटात जडपणा, ॲसिडिटी, जेवल्यावर दुखणं, अशा तक्रारी कुणाला नसतात? वरच्या अस्तराला व्रण पडला की मात्र रक्तस्राव सुरू होतो. शौचाला डांबरासारखं काळं होतं, हिमोग्लोबिन उतरतं, कधी रक्ताची उलटी होते. बऱ्याच गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत अचानक सापडतात.

एंडोस्कोपीत दिसतो एक गोल, गुळगुळीत उंचवटा. त्यावरचं अस्तर निरोगी. चिमट्यानं तुकडा घेतला तर वरचं अस्तरच हातात येतं आणि अहवालात 'साधा जठरदाह' लिहून येतं. हा अहवाल खोटा नसतो, तो उंचवट्याबद्दल काहीच सांगत नाही एवढंच. म्हणून पुढे एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. एंडोस्कोपच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो, त्यानं गाठ कोणत्या थरात आहे ते दिसतं आणि बारीक सुई घालून आतल्या पेशी काढता येतात. सीटी स्कॅनमध्ये रंगद्रव्य शिरताच गाठ झपाट्यानं उजळते आणि बराच वेळ उजळलेली राहते, कारण ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते.

आता खरा पेच. जठराच्या भिंतीत अशी गोल गाठ दिसली की पहिला संशय जीआयएसटी, म्हणजे जिस्ट या गाठीचा घेतला जातो, आणि तो रास्तच आहे, कारण जिस्ट ग्लोमसपेक्षा कितीतरी जास्त आढळते. पण दोघींचं भवितव्य निराळं. जिस्ट पुढे पसरू शकते, तिच्यासाठी इमॅटिनिबच्या गोळ्या वर्षानुवर्षं द्याव्या लागू शकतात. त्या ग्लोमसच्या रुग्णाला देण्यात काही अर्थ नाही. फरक स्कॅनवर नीट कळत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

श्वासनलिकेतली: दमा समजून पंप

श्वासनलिकेत ही गाठ दुर्मीळ, पण चकवण्यात सगळ्यांत पटाईत. ती बहुधा मागच्या मऊ भिंतीतून आत वाढते. हळूहळू श्वास लागतो, छातीत शिट्टी वाजते, खोकला येतो. दम्याचा पंप सुरू होतो आणि अपेक्षेइतका फरक पडत नाही. इथे एक धागा धरण्यासारखा आहे. फुप्फुसांच्या चाचणीत फुंकलेल्या हवेचा आलेख निघतो. दम्यात अडथळा बारीक नळ्यांत असतो, त्याचा आलेख खोलगट होतो. मुख्य नळीत घट्ट अडथळा असेल तर आलेख वरून कापल्यासारखा सपाट येतो. पंपानं न बदलणारा सपाट आलेख आणि थुंकीतून आलेलं रक्त, हे दोन्ही एकत्र दिसलं तर श्वासनलिकेचा सीटी स्कॅन हवा. दुर्बिणीतून तुकडा काढताना या गाठीतून बराच रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे ते काम तयारीनिशी, रक्त थांबवण्याची सोय असलेल्या ठिकाणी करतात. इथे कार्सिनॉइड या गाठीशी गल्लत होते, सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा.

काचपट्टीवरचा निकाल

बोटात निदान रुग्णाच्या तोंडून होतं, पोटात आणि छातीत ते विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर होतं. ग्लोमसच्या पेशी गोल, एकसारख्या, मधोमध गोल केंद्रक असलेल्या, आणि रक्तवाहिन्यांभोवती वेढे घालून बसलेल्या दिसतात. कार्सिनॉइडच्या पेशीही गोल आणि एकसारख्या. म्हणून प्रतिपिंडांची मदत घेतात. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड काचपट्टीवर सोडतात. प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो.

ग्लोमसच्या पेशी मुळात स्नायूंच्या नात्यातल्या, म्हणून स्नायूंमधल्या ॲक्टिन प्रथिनाला त्या ठळक रंगतात. प्रत्येक पेशीभोवती चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचं बारीक जाळंही रंगून दिसतं. जिस्टच्या खुणा, सीडी-११७ आणि डॉग-१, त्यांच्यात नसतात. कार्सिनॉइडची खूण असलेलं क्रोमोग्रॅनिनही नसतं. सिनॅप्टोफायसिन मात्र कधीकधी पुसट उमटतं आणि फसवतं, म्हणून एकाच रंगावर निकाल देऊ नये.

ही गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अतिशय कमी, पण शून्य नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या विकृतिशास्त्रज्ञांनी काही निकष मांडले: गाठ खोल आहे आणि दोन सेंटिमीटरहून मोठी आहे का, पेशींची केंद्रकं वेडीवाकडी आहेत का, विभाजन भलतंच वेगात किंवा विचित्र रीतीनं होतंय का. नंतरच्या वर्गीकरणात नुसत्या आकारापेक्षा केंद्रकं आणि विभाजन यांवर भर आला. नखाखालच्या चार मिलिमीटरच्या गाठीला हा विचार क्वचितच लागू होतो. जठरातल्या मोठ्या गाठीनंतर मात्र काही वर्षं तपासणी चालू ठेवणं शहाणपणाचं.

कानातला 'ग्लोमस' वेगळाच

एक घोळ नावामुळे झालेला आहे, आणि तो रुग्णांना थेट भोवतो. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धप-धप ऐकू येणं, ऐकू कमी येणं, पडद्यामागे लालसर गाठ दिसणं, अशा रुग्णाच्या कागदावर 'ग्लोमस जुगुलारे' किंवा 'ग्लोमस टिंपॅनिकम' लिहिलेलं असतं. कानाजवळच्या ज्या सूक्ष्म अवयवातून या गाठी होतात, त्याचं वर्णन १९४१ मध्ये गिल्ड यांनी केलं, तेव्हा त्याला ग्लोमस म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं. पण त्याच्या पेशी रक्तवाहिनीच्या नाहीत, त्या चेतासंस्थेच्या कुळातल्या आहेत. आज या गाठींना पॅरागँग्लिओमा म्हणतात. जबड्याखाली, गळ्यातल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर होणारी गाठही त्यांच्याच घरची. ती बोटांनी आडवी हलते, वर-खाली हलत नाही. त्या फाट्यावरचा निरोगी अवयव रक्तातला प्राणवायू मोजतो. त्यावरच्या संशोधनाबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पेरूच्या अँडीज पर्वतात, जिथे हवाच विरळ, तिथल्या रहिवाशांत या गाठी जास्त आढळतात.

कानातल्या लाल गाठीतून बाह्यरुग्ण विभागात बसल्याबसल्या तुकडा काढायला जाणं धोक्याचं, रक्त थांबता थांबत नाही. तिथे आधी सीटी, एमआरआय. शिवाय पॅरागँग्लिओमांपैकी काही घराण्यात चालत येतात आणि काही मोजक्या गाठी रक्तदाब वाढवणारी रसायनं सोडतात, म्हणून तपासणीची दिशाच वेगळी. बोटातल्या ग्लोमसचा रुग्ण इंटरनेटवर शोधता शोधता या माहितीपाशी पोचला की विनाकारण घाबरतो.

काढल्यावर

बोटातल्या गाठीवर औषध नाही, ती काढावीच लागते. बोटापुरती भूल देतात, नख उचलतात, खालच्या कातडीला उभी चीर देऊन भिंगाखाली गाठ अखंड सोडवून घेतात आणि बारीक टाक्यांनी कातडी शिवून नख परत बसवतात. गाठ कडेला असेल तर नख न उचलता बाजूनंही पोचता येतं. एक बारकावा महत्त्वाचा. रक्तस्राव नको म्हणून बोट आवळून रक्त पूर्ण पिळून काढलं तर गाठही फिकी पडते आणि दिसेनाशी होते, म्हणून दुखरा ठिपका भूल देण्याआधीच खुणावून ठेवतात. नखावर पुढे थोडी रेघ राहू शकते.

ज्यांच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि कातडीवर मऊ गाठी असतात, अशा न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ च्या रुग्णांत एकाहून अधिक बोटांत ग्लोमस ट्यूमर होऊ शकतात. २००९ मध्ये त्या गाठींच्या पेशींत या आजाराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या आढळल्या. तेव्हा अनेक बोटं दुखत असतील तर अंगावरचे डाग पाहावेत, आणि डाग असलेल्याचं बोट दुखत असेल तर ग्लोमस आठवावा. लहानपणापासून कातडीवर दिसणाऱ्या, घराण्यात चालत आलेल्या, दाबल्यावर दुखणाऱ्या निळ्या फोडांचं एक वेगळं प्रकरण आहे. ते ग्लोम्युलिन नावाच्या जनुकातल्या दोषामुळे होतं, हे २००२ मध्ये कळलं. तिथे फोड वाढत जाणाऱ्या गाठी नसून शिरांच्या रचनेतलीच विकृती असते.

शस्त्रक्रियेनंतर जखमेचं दुखणं काही आठवडे राहतं, पण ती जुनी, थंडीनं उठणारी कळ बहुतेकांची लवकर जाते. तीन महिन्यांनंतरही ती तशीच असेल, तर गाठीचा भाग मागे राहिला किंवा शेजारी दुसरी गाठ होती असं धरून पुन्हा टाचणीची चाचणी आणि एमआरआय करावा. काही वर्षं पूर्ण बरं वाटून मग कळ परतली, तर बहुधा त्याच बोटात नवी गाठ तयार झालेली असते, आणि तीही पहिल्यासारखीच काढता येते.